ट्रान्स फॅट खाल्लं की हृदयाच्या पेशींचं नेमकं काय होतं?

ट्रान्स फॅट वाईट असतं हे आता बहुतेकांना माहितीये, पाकिटावर 'झिरो ट्रान्स फॅट' दिसलं की आपण निर्धास्त होऊन ते टोपलीत टाकतो, आणि का वाईट असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, कोलेस्टेरॉल वाढतं, नसा ब्लॉक होतात, मग ॲटॅक येतो. उत्तर बरोबर आहे. पण अर्धं आहे. कारण यात हृदय म्हणजे नुसता एक पंप आणि त्याला जोडलेल्या नळ्या, आणि त्या नळ्यांत काय अडकतं एवढाच प्रश्न, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपण जे फॅट खातो त्यातला काही भाग हृदयाच्या स्वतःच्या पेशींमध्ये जाऊन मुक्काम करतो, त्या पेशीचं आवरण त्यातूनच बनतं, म्हणजे गेल्या काही आठवड्यांत तुम्ही काय तळून खाल्लं याची नोंद तुमच्या हृदयाच्या मांसात अक्षरशः सापडते. मला स्वतःला हे वाचलं तेव्हा फार हलायला झालं होतं, म्हणून हा भाग जरा निवांतपणे सांगते.

आधी फॅटची रचना बघू, कारण सगळा खेळ आकाराचा आहे. तेल असो, तूप असो, लोणी असो नाहीतर डालडा, सगळ्यात मुख्य माल फॅटी ॲसिडचा. फॅटी ॲसिड म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी, आपल्या खाण्यात बहुतेक वेळा १८ कार्बनची. या साखळीतल्या प्रत्येक कार्बनला जेवढे हायड्रोजन धरता येतात तेवढे धरलेले असले की ते सॅच्युरेटेड, उदाहरणार्थ स्टिअरिक ॲसिड. मधे कुठेतरी दोन हायड्रोजन कमी असले तर तिथे दोन कार्बनमध्ये डबल बाँड तयार होतो, ते अनसॅच्युरेटेड. शेंगदाणा तेलात भरपूर असणारं ओलेइक ॲसिड हे त्याचं साधं उदाहरण, १८ कार्बन आणि नवव्या कार्बनपाशी एक डबल बाँड.

आता डबल बाँडच्या दोन्ही टोकांच्या कार्बनवर एकेक हायड्रोजन उरलेला असतो. ते दोघं साखळीच्या एकाच अंगाला असले की त्याला सिस म्हणतात आणि साखळी त्या जागी वाकते. ते विरुद्ध अंगांना असले की ट्रान्स, आणि साखळी जवळजवळ सरळ राहते. बस, एवढाच फरक. अणू तेच, संख्या तीच, कॅलरी जवळपास तेवढ्याच. पण सरपणाची मोळी बांधताना वाकड्यातिकड्या फांद्या कितीही आवळल्या तरी मधे फटी राहतात आणि सरळ काटक्या मात्र एकमेकींना चिकटून घट्ट बसतात ना, रेणूंचंही तसंच होतं. म्हणून ओलेइक ॲसिड साधारण १३ डिग्रीला वितळतं, म्हणजे आपल्याकडे खोलीत ते पातळच असतं, आणि त्याच ओलेइकचं ट्रान्स भावंड, एलायडिक ॲसिड, ते वितळायला ४४-४५ डिग्री लागतात. स्टिअरिकला ६९ च्या आसपास. शरीराचं तापमान ३७. म्हणजे एक हायड्रोजन इकडचा तिकडे झाला आणि शरीराच्या उष्णतेला पातळ राहणारी वस्तू त्याच उष्णतेला घट्ट राहणारी झाली. नावाला अनसॅच्युरेटेड, वागायला जवळजवळ सॅच्युरेटेड, आणि पुढे दिसेल तसं काही बाबतीत त्याहून वाईट.

निसर्गात वनस्पतींच्या तेलात ट्रान्स जवळजवळ नसतंच. ते आलं कारखान्यातून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडायची पद्धत शोधली, त्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेलही मिळालं, आणि जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी तीच युक्ती पातळ तेलावर चालवून १९०२ च्या सुमारास पेटंट घेतलं. तेल खूप तापवायचं, त्यात निकेलची बारीक पूड, वरून दाबाखाली हायड्रोजन. डबल बाँड भरत जातात आणि तेल घट्ट होत जातं. पूर्ण भरले तर मेणासारखा कडक गोळा होतो, तो खायला कुणाला आवडणार, म्हणून प्रक्रिया मधेच थांबवायची. गोची इथे आहे. निकेलच्या पृष्ठभागावर कित्येक डबल बाँड क्षणभर सुटतात आणि हायड्रोजन न घेताच परत जोडले जातात, आणि जोडले जाताना सरळ बाजूने जोडले जातात कारण ती ठेवण त्यांना जास्त सोयीची असते. म्हणजे अर्धवट हायड्रोजनेशन केलं की ट्रान्स आलंच. पूर्ण केलं तर उलट जवळजवळ राहत नाही, ही गोष्ट लेबल वाचताना फार कामाला येते.

अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून बनवलेलं क्रिस्को आलं, आपल्याकडे १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, आणि बघता बघता वनस्पती तुपाला घरोघरी डालडाच म्हणायला लागले, कुठल्याही कंपनीचं असो. स्वस्त, पांढरंशुभ्र, महिनोन्महिने खवट न होणारं. साजूक तुपात भेसळ होऊ नये म्हणून सरकारने वनस्पतीत किमान ५% तिळाचं तेल घालायची सक्ती केली होती, म्हणजे तुपात वनस्पती मिसळलेलं असलं तर तिळाच्या तेलाची तपासणी करून लगेच गुलाबी रंग येऊन पकडता यायचं. भेसळीची एवढी काळजी घेतली गेली, पण त्या डब्यात ट्रान्स किती आहे हे विचारायला आणखी कित्येक दशकं जावी लागली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डालडा आपल्या फराळात इतका का रुजला हे बघायचं असेल तर चिरोट्यांचा साटा आठवा. परातीत डालडा घ्यायचा, तळहाताने गोल गोल फेसत राहायचा, आधी तो जरा पारदर्शक दिसतो मग पांढरा होत जातो, हलका होतो, मग तांदळाचं पीठ नाहीतर कॉर्नफ्लोअर घालून परत फेसायचा, पाण्यात एक थेंब टाकला की तो तरंगायला हवा. हा साटा पोळ्यांच्या मधे लावला की लाटताना तो पिठात जिरत नाही, थर वेगळे राहतात, आणि तळताना प्रत्येक पदर सुटतो. तेल लावलं तर पिठात शोषलं जातं, पदर सुटत नाहीत. साजूक तुपाचा साटा होतो पण उन्हाळ्यात वितळायला बघतो. डालडा परातीत तसाच उभा राहतो कारण त्यातलं एलायडिक ॲसिड ३७ डिग्रीलाही पूर्ण वितळत नाही. बेकरीतली खारी, पॅटिस, नानकटाई, क्रीम रोल, सगळ्यांचं गुपित हेच. पूर्वी मे महिन्यात घरून रवा, मैदा, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचे, भट्टीतून डबा भरून नानकटाई करून आणायचे, तेव्हा त्या डालड्याबद्दल कुणाच्या मनात शंका असायचं कारणच नव्हतं. बनवणारी बाई प्रेमाने बनवत होती आणि डॉक्टरही तेव्हा काही सांगत नव्हते.

आता ती नानकटाई पोटात गेल्यावर काय होतं ते बघू. आतड्यात फॅट फुटतं, परत जुळतं, बारीक गोळ्यांमधून रक्तात येतं. हृदयाच्या केशवाहिन्यांच्या आतल्या अंगाला एक एन्झाइम असतं, लिपोप्रोटीन लायपेज, ते या गोळ्यांमधून फॅटी ॲसिड सोडवून घेतं आणि हृदयाची पेशी ते आत ओढते. हृदयात हे एन्झाइम भरपूर असतं आणि त्याला कारण आहे. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, सुट्टी नाही, आणि त्यासाठी रोज सहा किलोच्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवतं आणि खर्च करतं, स्वतःचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅम असताना. या ऊर्जेचा निम्म्याहून खूप जास्त वाटा, साधारण ६० ते ७०%, फॅटी ॲसिड जाळून येतो. मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो, हृदय मुख्यतः फॅटवर. त्यामुळे तुम्ही खाल्लेल्या फॅटचा हृदयाशी संबंध यायचा तो येतोच, आणि फार लवकर येतो.

पेशीच्या आत गेलेल्या फॅटी ॲसिडपुढे मुख्य वाटा दोन. एक तर मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या बारीक कप्प्यांत, जाऊन जळायचं, नाहीतर आवरणात बसायचं.

आवरणाची गोष्ट आधी. प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीतल्या प्रत्येक कप्प्याभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो, फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दोन थरांचा. प्रत्येक फॉस्फोलिपिडला एक डोकं आणि दोन शेपट्या, आणि या शेपट्या म्हणजेच फॅटी ॲसिड. साधारण नियम असा की पहिल्या जागेवर सरळ म्हणजे सॅच्युरेटेड शेपटी बसते आणि दुसऱ्या जागेवर वाकडी म्हणजे अनसॅच्युरेटेड. या वाकड्या शेपट्यांमुळे पडदा लवचिक राहतो. हा पडदा नुसती पिशवी नाहीये हे लक्षात घ्या. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर सोडणारी प्रोटीनची दारं याच पडद्यात रुतलेली असतात, आणि हृदयाचा ठोका म्हणजे शेवटी या दारांची ठराविक क्रमाने होणारी उघडझाप. ही प्रोटीनं आकार बदलत काम करतात, त्यांना हलायला आजूबाजूला ढिलाई लागते.

ट्रान्स फॅटी ॲसिड इथे येतं तेव्हा पेशीच्या एन्झाइमची फसगत होते. ते एन्झाइम साखळीचा आकार बघून जागा ठरवतात, आणि ट्रान्स सरळ दिसतं म्हणून त्याला बऱ्याचदा सॅच्युरेटेडच्या जागेवर, पहिल्या जागेवर बसवलं जातं. उंदरांना हायड्रोजनेटेड तेल खाऊ घालून त्यांच्या हृदयाचे फॉस्फोलिपिड तपासले गेले, त्यात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याचबरोबर अजून एक गोष्ट होते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपलं शरीर तेलातल्या लिनोलेइक ॲसिडपासून पुढची लांब, जास्त डबल बाँडवाली फॅटी ॲसिडं बनवतं, तसंच जवसातल्या ओमेगा-३ पासून. हे काम करणाऱ्या एन्झाइमच्या आड ट्रान्स येतं. म्हणजे ट्रान्स स्वतः तर पडद्यात बसतंच, वर जी चांगली माणसं त्या पडद्यात यायला हवी होती त्यांचा रस्ताही अडवतं. आणि खाण्यात मुळातच आवश्यक फॅटी ॲसिड कमी असली तर हा परिणाम जास्त ठळक होतो. सगळं तळण, सगळं बेकरी आणि बाकी काही नाही अशा खाण्यात दोन्ही गोष्टी एकत्रच येतात.

सरळ शेपट्या वाढल्या की पडदा घट्ट होतो, हे वितळण्याच्या तापमानावरून तुम्हाला कळलंच असेल. पण त्यात कोलेस्टेरॉलचाही भाग आहे. २००५ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम पडदे बनवून बघितलं, काहींमध्ये सिस शेपट्या, काहींमध्ये त्याच लांबीच्या ट्रान्स. ट्रान्सवाल्या पडद्यांनी जास्त कोलेस्टेरॉल ओढून घेतलं, आणि त्यात बसवलेलं रिसेप्टर प्रोटीन, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रोटीन, या प्रयोगात डोळ्यातलं रोडॉप्सिन होतं, ते कमी जोमाने काम करायला लागलं. आता डोळा वेगळा, हृदय वेगळं, पण ज्या कुटुंबातलं हे प्रोटीन आहे त्याच कुटुंबातले ॲड्रेनलिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर हृदयाच्या पेशींवर असतात, जिना चढताना ठोके वाढवणारे तेच.

मायटोकॉन्ड्रियाचा पडदा तर याहून नाजूक प्रकरण. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियाने व्यापलेला असतो. त्यांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचं एक खास फॉस्फोलिपिड असतं, नावातच कार्डिओ आहे कारण ते पहिल्यांदा हृदयाच्याच मांसातून वेगळं काढलं गेलं. इतरांना दोन शेपट्या, याला चार. निरोगी हृदयात बहुतेक कार्डिओलिपिनच्या चारही शेपट्या लिनोलेइक ॲसिडच्या असतात, म्हणजे करडई, सूर्यफूल यांच्या तेलात जे भरपूर असतं तेच. एटीपी बनवणारी प्रोटीनची यंत्रं या कार्डिओलिपिनला धरून उभी असतात. त्याच्या शेपट्या नीट नसल्या तर काय होतं हे बार्थ सिंड्रोम नावाच्या एका दुर्मिळ जनुकीय आजारात दिसतं, मुलांमध्ये कार्डिओलिपिनची दुरुस्ती करणारं एन्झाइम बिघडलेलं असतं आणि लहानपणीच हृदयाचा स्नायू कमकुवत होतो. ट्रान्स फॅट खाऊन बार्थ सिंड्रोम होत नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. सांगायचं एवढंच की हृदयाला या शेपट्यांच्या बाबतीत चालवून घेता येत नाही. कार्डिओलिपिनची निवड बरीच काटेकोर असते पण ती शेवटी खाण्यातूनच होते, उंदरांना कमी लिनोलेइक आणि जास्त ट्रान्स दिलं की त्यांच्या हृदयाच्या कार्डिओलिपिनच्या शेपट्यांमध्ये फरक दिसायला लागतो.

दुसरी वाट जळण्याची. इथे अनेकांना वाटतं की चला, जळून गेलं तर प्रश्नच मिटला. बऱ्याच अंशी मिटतो, ट्रान्स जळतंच. पण अडखळत जळतं. फॅटी ॲसिड जळताना दर फेरीला दोन दोन कार्बन तुटत जातात. एलायडिक ॲसिडच्या दोन फेऱ्या नीट होतात, १८ चे १४ कार्बन उरतात, आणि तिथे पुढच्या एन्झाइमला तो ट्रान्स बाँड सोसत नाही. उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियावर २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की हा १४ कार्बनचा अर्धवट तुकडा साठायला लागतो आणि त्यातला काही भाग तसाच मायटोकॉन्ड्रियाबाहेर गळतो. सिस ओलेइकच्या बाबतीत असं होत नाही.

मग माणसाच्या हृदयात हे खरंच सापडतं का? सापडतं, आणि हे खूप आधी सापडलं होतं. फ्रेड कुमेरो नावाचे एक शास्त्रज्ञ, जन्म बर्लिनचा पण आयुष्य गेलं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत माणसांच्या शरीरातल्या ऊतींचे नमुने तपासले आणि १९५७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापलं की चरबी, यकृत, रक्तवाहिन्यांची भिंत आणि हृदय, सगळीकडे ट्रान्स फॅटी ॲसिड आहेत. मानवी शरीर स्वतः ही बनवत नाही, म्हणजे आली ती खाण्यातूनच. १९५७! यानंतर अर्धं शतक ते हेच सांगत राहिले, २००९ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे बंदीसाठी अर्ज केला, उत्तर येईना म्हणून २०१३ मध्ये कोर्टात गेले, आणि २०१५ मध्ये अर्धवट हायड्रोजनेटेड तेलं सुरक्षित नाहीत असा निर्णय झाला. २०१७ मध्ये ते १०२ वर्षांचे होऊन गेले. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून तपासणं उठसूट शक्य नसतं, म्हणून संशोधक लाल रक्तपेशींचं आवरण तपासतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तिच्या आवरणात गेल्या काही महिन्यांचं खाणं दिसतं. सिॲटलमध्ये अचानक हृदय बंद पडलेल्या १७९ जणांच्या आणि त्यांच्या तुलनेसाठी २८५ निरोगी लोकांच्या लाल पेशी तपासून २००२ मध्ये जो अभ्यास छापला गेला त्यात एक बारकावा आहे. एकच डबल बाँड असलेल्या ट्रान्सचा संबंध ठळक नव्हता, पण दोन डबल बाँडवाल्या ट्रान्सचं प्रमाण ज्यांच्या आवरणात जास्त होतं त्यांच्यात हृदय अचानक बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. हे दोन डबल बाँडवालं ट्रान्स हायड्रोजनेशनमधून येतं तसंच तेल फार जास्त तापमानाला तापवल्यानेही थोडं थोडं तयार होतं. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १९९५ च्या एका अभ्यासात चरबीतल्या ट्रान्सचा आणि अचानक मृत्यूचा असा संबंध सापडला नव्हता. म्हणजे पेशीच्या आवरणातून ठोक्यापर्यंतची ही वाट दिसते आहे पण तिच्यावर अजून काम चालू आहे, आणि नसांमधल्या परिणामाइतका पक्का पुरावा तिला अजून नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

नसांचा पुरावा मात्र भक्कम आहे. १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि कटान यांनी ५९ जणांना तीन तीन आठवडे वेगवेगळे आहार देऊन दाखवलं की ट्रान्सने वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, वाढतं आणि चांगलं एचडीएल कमी होतं. सॅच्युरेटेड फॅट एलडीएल वाढवतं पण एचडीएल तरी पाडत नाही, म्हणून वर म्हटलं की हे त्याहून वाईट. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ८५ हजार नर्सेसच्या अभ्यासात सगळ्यात जास्त ट्रान्स खाणाऱ्या गटाचा हृदयविकाराचा धोका सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट निघाला. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशोब झाला तो असा, रोजच्या कॅलरीतल्या फक्त २% ट्रान्समधून आल्या तरी हृदयविकार साधारण २३% वाढतो. २,००० कॅलरीच्या आहारात २% म्हणजे साडेचार ग्रॅमच्याही आत. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने आपल्या बाजारातले वनस्पतीचे ब्रँड तपासले तेव्हा सगळ्यांमध्ये ट्रान्स डेन्मार्कने कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या, म्हणजे एकूण फॅटच्या २% च्या, पाच ते बारा पट निघालं. २०% धरलं तर दोन मोठे चमचे डालडा पोटात गेला की ते साडेचार ग्रॅम पूर्ण. वाटीभर शंकरपाळ्यांच्या मोहनाचा आणि वरून डालड्यातच तळल्याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

आता यातली दिलासा देणारी गोष्ट. हृदयाच्या पेशींचे पडदे कायमचे नसतात, शेपट्या सतत बदलत असतात. चरबीच्या साठ्यातली फॅटी ॲसिडं बदलायला वर्ष-दोन वर्षं लागतात पण हृदय बरंच चपळ आहे. ऑस्ट्रेलियात हृदयाच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पेशंटना आधी काही दिवस माशाचं तेल दिलं आणि ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा छोटा तुकडा तपासला, तर सुमारे ३० दिवसांतच हृदयाच्या फॉस्फोलिपिडमध्ये ओमेगा-३ जितकं चढायचं तितकं चढलेलं होतं. हा प्रयोग ओमेगा-३ चा, ट्रान्सचा नाही, पण माणसाच्या हृदयाच्या पडद्याची अदलाबदल महिन्याभरात होऊ शकते हे त्यातून अगदी थेट दिसलं. कोकणात, गोव्यात घराघरात तारली आणि बांगडा शिजतो, त्यात हेच ओमेगा-३ असतं.

आणि ट्रान्स खाणं थांबलं की ते शरीरातून उतरतं याचेही पुरावे आहेत. अमेरिकेत लेबलवर ट्रान्स लिहायची सक्ती झाली, काही शहरांनी बंदी आणली, आणि २००० ते २००९ मध्ये गोऱ्या प्रौढांच्या रक्तातलं ट्रान्स ५८% नी घटलं. कॅनडात तर आईच्या दुधात मोजलं, १९९२ मध्ये दुधातल्या फॅटपैकी सुमारे ७% ट्रान्स होतं, २०११ पर्यंत ते २% च्या आसपास आलं. तान्ह्या बाळाच्या पोटात जाणारी गोष्ट एका कायद्याने बदलली, हे मला फार मोठं वाटतं.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न, की साजूक तुपातही ट्रान्स असतं ना? असतं. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातले जिवाणू गवतातल्या फॅटचं थोडंसं हायड्रोजनेशन करतात, त्यामुळे दुधाच्या फॅटमध्ये २ ते ५% ट्रान्स येतं. पण त्यातलं मुख्य असतं व्हॅक्सेनिक ॲसिड, त्याचा डबल बाँड नवव्या नाही, अकराव्या कार्बनपाशी असतो, आणि आपण ते खातो फार कमी प्रमाणात, वरणभातावर चमचाभर तुपातून असं कितीसं जाणार. त्या प्रमाणात कारखान्यातल्या ट्रान्ससारखं नुकसान दिसलेलं नाही. तुपाची मर्यादा सांभाळायची ती त्यातल्या सॅच्युरेटेड फॅटसाठी.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डेन्मार्कने २००३ मध्ये जगात सगळ्यात आधी २% ची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सगळ्या देशांना कारखान्यातलं ट्रान्स काढून टाकायला सांगितलं, त्यांच्या तेव्हाच्या अंदाजाने ट्रान्समुळे जगात वर्षाला पाच लाखांवर माणसं हृदयविकाराने जात होती. भारतात मर्यादा आधी १०% होती, मग ५%, जानेवारी २०२१ पासून ३% आणि जानेवारी २०२२ पासून २%, म्हणजे १०० ग्रॅम तेल-तुपात २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यामुळे आज मोठ्या कंपन्यांचा वनस्पती आपल्या आजीच्या वेळचा राहिलेला नाही, त्यात आता पाम तेल आणि इंटरएस्टरिफिकेशन नावाच्या वेगळ्या पद्धतीने घट्ट केलेलं फॅट असतं. ट्रान्स कमी, सॅच्युरेटेड भरपूर. 'झिरो ट्रान्स' वाचून दोन बिस्किटांऐवजी अख्खा पुडा खाणाऱ्यांनी त्याच चौकटीतली सॅच्युरेटेड फॅटची ओळ पण वाचावी.

घटकांच्या यादीत 'अर्धवट हायड्रोजनेटेड' असं दिसलं तर तो पुडा परत ठेवा. नुसतं 'हायड्रोजनेटेड' असेल तर ते पूर्ण की अर्धवट हे कळत नाही, तिथे चौकटीतला ट्रान्सचा आकडा बघा, आणि तो १०० ग्रॅमला दिलाय की एका सर्व्हिंगला हे पण बघा, कारण सर्व्हिंग दोन बिस्किटांची धरली की कुठलाही आकडा शून्याच्या जवळ जातो. खरी अडचण सुट्या मालाची आहे. गल्लीतल्या बेकरीची खारी, टोस्ट, हलवायाकडची बालुशाही, किलोवर मिळणारं फरसाण, याला लेबलच नसतं, आणि कढईतलं तेल दिवसभर तापत राहून संध्याकाळी परत त्याच्यातच नवीन तेल ओतलं जातं. तिथे सरळ विचारायचं, दादा हे कशात तळलंय, डबा दाखवता का. बरेच जण दाखवतात, काही चिडतात. घरी साटा करायचा तर साजूक तूप फ्रीजमध्ये घट्ट करून फेसा, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून फेसलं की ते डालड्यासारखं फुलतं, पोळ्यांना लावून गुंडाळी केली की पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग कापा, पदर सुटतात.